लातूरची गंजगोलाई आणि आपल्या पेठांतील जुनी दुकाने



आपल्या जिल्ह्यातील देवस्थानांविषयी लिहिणाऱ्यांची उणीव नाही. नरसी हे नामदेवरायांचे गाव, औंढा हे नागनाथाचे क्षेत्र. त्यांचे माहात्म्य पुनःपुन्हा लिहिले जाते आणि ते लिहिले जावेही. परंतु ज्या ओट्यावर बसून आपल्या वाडवडिलांनी चार पैसे मिळविले, मुलांची शिक्षणे केली, लग्ने लावली, त्या दुकानाविषयी दोन ओळी लिहाव्यात असे फारसे कोणाच्या मनात येत नाही. देवळाचा जीर्णोद्धार होतो. दुकान मात्र पाडून नवे बांधले जाते. ही पाडापाडी आज आपल्या पेठांतून झपाट्याने चालली आहे, म्हणून हा विषय यंदा घेतला आहे.

हिंगोलीचा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. बाजार मात्र फार जुना आहे. निजामी राज्यात हैदराबाद कंटिंजंट या फौजेची एक छावणी येथे होती. या फौजेच्या खर्चासाठी १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपविला. म्हणजे पैनगंगेच्या अलीकडे फौज आणि तिच्या पगाराची तरतूद पलीकडच्या कापसाच्या मुलखातून, असा हा मामला होता. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. हिंगोलीचा कापूसबाजार याच व्यापाराच्या काठावर वाढला. आगगाडी येथे नव्हती तेव्हा माल बैलगाड्यांनी अकोल्यास जाई. १९०३ साली कंटिंजंट फौज मोडली. तरी पेठ टिकली आणि १९१२ साली पूर्णा-हिंगोली लोहमार्ग झाल्यावर तिला नवे बळ आले.

सरहद्दीवरच्या या व्यापारात दोन नाण्यांचा हिशेब ठेवावा लागे. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजी कलदार यांचा मेळ सात हाली म्हणजे सहा कलदार असा होता. शिवाय करोडगिरीचे नाके होतेच. ज्यांच्या घरी जुन्या वह्या आहेत त्यांनी त्या उघडून पाहाव्यात. एकाच पानावर हे सारे जग सापडण्याचा संभव आहे.

या काळच्या बाजाराचा आराखडा कसा असे, हे आज हिंगोलीत उभे राहून उमगणे कठीण. दुकाने एकेक करून बदलली आणि पेठेचे मूळ रूप विस्कटले. ते समग्र पाहावयाचे असेल तर लातूरला जावे. लातूरची कथा आपल्यासारखीच आहे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ साली लातूरला पोचली, आपल्याकडील गाडीच्या केवळ एक वर्ष आधी. आणि १९१७ साली तेथे गंजगोलाई उभी राहिली.

गंज म्हणजे बाजार. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर, त्याभोवती गोलाकार दुमजली वास्तू आणि तेथून चहूकडे फुटणारे सोळा रस्ते, अशी ही रचना आहे. सोने-नाणे, पादत्राणे, मिरची, गूळ अशा मालाच्या पेठा या रस्त्यांच्या कडेने वसल्या. वरवर पाहता हा शोभेचा नकाशा वाटतो. पण बैलगाडीच्या दृष्टीने पाहिले की त्यातील व्यवहार ध्यानात येतो. भरलेली गाडी अरुंद बोळात वळविणे हा मोठा त्रास असे. येथे एका रस्त्याने आत यावे, गोल वळसा घ्यावा आणि दुसऱ्या रस्त्याने बाहेर पडावे. शिवाय वर्तुळाला कोपरा नसतो, त्यामुळे कोपऱ्यावरचे मोक्याचे दुकान आणि आतले मागे पडलेले दुकान हा भेद पुष्कळसा मिटतो. हे माझे निरीक्षण आहे. जाणकारांनी ते तपासून पाहावे.

आपल्याकडच्या जुन्या दुकानातही असेच शहाणपण होते, फक्त लहान प्रमाणावर. वर माळवद, पुढे ओटा, ओट्यावर गादी-तक्क्या व मुनिमाची पेटी, दाराला कडीकोयंड्याच्या झडपांऐवजी खाचेत सरकणाऱ्या उभ्या फळ्या, आत भिंतीत बळद आणि जमिनीत पेव. ओटा रस्त्याकडे उघडा असे, म्हणून माप आणि तोल चारचौघांसमक्ष होई. अर्थात सगळेच उघड्यावर होत होते असे म्हणणे म्हणजे आपलीच पाठ थोपटून घेणे होय. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची चाल होती, आणि ज्याचा माल त्या शेतकऱ्यालाच भाव कळत नसे. म्हणूनच नियंत्रित बाजाराची गरज पडली. कारंजा येथे १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला. तो हिंदुस्थानातील पहिला मानतात. निजाम सरकारचा शेतमाल बाजाराचा कायदा १३३९ फसलीत, म्हणजे १९३० साली आला. आपल्या धंद्याच्या इतिहासात हे पानही ठेवले पाहिजे.

महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ सालचा. पुढे आडतीचा व्यवहार मोंढ्यांतून समित्यांच्या प्रशस्त आवारांकडे गेला, आणि ते योग्यच झाले, कारण मालमोटारींना जुन्या पेठा पुरणाऱ्या नव्हत्या. परंतु घाऊक व्यापार गेला की दुकानाची मागची बाजू ओस पडते, माळवद गळू लागते आणि धनी विकसकाकडे वळतो. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट. ज्या घरांतून मालाची उलाढाल झाली त्यांची मात्र कोठे नोंद नाही. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात प्राचीन स्मारकाला शंभर वर्षांची अट आहे. गोलाईने ती २०१७ साली पुरी केली. आपल्या पेठांतील कित्येक दुकाने त्या वयाची असतील. पण ते सिद्ध करण्यास कागद हवा.

येथे कोणी म्हणेल, ज्ञातीतील गरीब विद्यार्थ्यांची फी भरावी की पडक्या दुकानांना टेकू द्यावा? हा आक्षेप हलका नाही. पुणे नगरपालिकेत सभासद असताना महात्मा जोतीराव फुले यांनी मंडईच्या खर्चिक इमारतीस विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे लावावा असे त्यांचे म्हणणे होते. १८८६ साली ती मंडई झाली, लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले, आणि आज तीच महात्मा फुले मंडई म्हणून पुण्याचे भूषण आहे! जोतीरावांना हे आवडले असते की नाही, कोण जाणे. माझ्यापुरते म्हणाल तर विद्यार्थ्यांच्या निधीतला एक पैसाही मला या कामासाठी नको. मोजमापाला आणि नोंदीला पैसा लागत नाही, सुट्टीचे चार दिवस लागतात.

ज्यांना दुकान पाडावयाचे आहे त्यांनी ते पाडावे. गळक्या छताखाली राहा असे सांगण्याचा मला अधिकार नाही. केवळ पाडण्यापूर्वी खण किती, भिंतीची जाडी किती, पेव कोठे, हे घरच्या मुलांकडून कागदावर काढून घ्यावे. ओट्यावर वडीलधाऱ्यांना बसवून एक छायाचित्र घ्यावे. रोजकीर्द-खतावण्या मोडीत आहेत म्हणून रद्दीत घालू नयेत. मोडी वाचणारे अजून मिळतात. आणि दाराच्या फळ्या उतरवाल तेव्हा त्यांच्या पाठीवर आकडे आहेत का ते पाहावे. त्या फळ्या ठरल्या क्रमानेच खाचेत बसत. आकडे पुसले गेले असतील तर खडूने पुन्हा घालावेत, आणि फळ्या एकत्र बांधून कोरड्या जागी ठेवाव्यात.