बीजक आणि परवलीचा शब्द

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांतून गंगाजळीची कथा ठाऊक नाही असा माणूस विरळाच. शिंदे घराण्याने किल्ल्याच्या तळघरांत पिढ्यान्‌पिढ्या जे द्रव्य साठविले, ती गंगाजळी. तेथवर पोहोचण्याची सांकेतिक खूण म्हणजे बीजक, आणि ते गादीवरील महाराजांखेरीज कोणासही ठाऊक नसे. १८८६ साली जयाजीराव निवर्तले, तेव्हा माधवरावांना दहावे वर्ष चालू होते. एवढ्या लहान वयात त्यांस बीजक सांगितले गेले नव्हते. ते जयाजीरावांबरोबरच गेले. विजयाराजे शिंदे यांनी मनोहर माळगावकरांच्या साहाय्याने लिहिलेल्या आत्मचरित्रात ही हकीकत आली आहे.

या कथेत दंतकथेचा अंश किती, हा वाद येथे नको. तिच्यातून एक गोष्ट मात्र स्पष्ट होते. गुपिताला दोन भये असतात : एक परक्याच्या हाती पडण्याचे, दुसरे आपल्याच माणसांना न सापडण्याचे. आज आपल्या घरांतील वंशावळी, मोडी कागदांची छायाचित्रे, परदेशी गेलेल्या मुलांची पत्रे, हे सारे संगणकात जाऊन बसले आहे आणि त्याच्या दारावर परवलीचा शब्द आहे. म्हणून या नव्या बीजकाचा इतिहास आपण पाहिला पाहिजे.

पहिल्या भयाची कथा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत सुरू होते. तेथे १९६१ साली फर्नांडो कोर्बातो यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था सिद्ध केली. यंत्र सामाईक, पण प्रत्येकाचे कागद निराळे. म्हणून ज्याला-त्याला परवलीचा शब्द देण्यात आला. पुढच्याच वर्षी तेथील ॲलन शेर या संशोधकाला आठवड्याचे ठरलेले चार तास अपुरे पडू लागले. त्याने यंत्राला सर्वांच्या शब्दांची यादी छापण्याचा हुकूम दिला, आणि यंत्राने ती मुकाट्याने छापून दिली! १९६६ साली तर एका चुकीमुळे दिवसाच्या सूचनेच्या जागी हीच यादी प्रत्येकाच्या समोर झळकली. शब्द कितीही अवघड असते, तरी उपयोग नव्हता. ते उघडे ठेवले होते, हाच दोष.

यावर तोड निघाली ती अशी की, शब्द जसाच्या तसा साठवावयाचाच नाही. धान्य दळून पीठ होते, पिठाचे धान्य होत नाही. तसे गणिती क्रियेने शब्दाचे रूप पालटून तेवढेच ठेवावयाचे. परंतु रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्पसन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात निराळेच दुखणे दाखविले. त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ शब्दांपैकी २,८३१, म्हणजे शेकडा ८६, सहज शोधून काढता येण्याजोगे निघाले. कोणाचा शब्द एका अक्षराचा, कोणाचा तीन अक्षरांचा, कोणाचा शब्दकोशातला, कोणी नुसते नाव घातलेले. कुलूप भक्कम झाले, पण किल्ली उंबऱ्यावर राहिली. तीस वर्षांनंतरही स्थिती फारशी पालटली नव्हती. २००९ साली रॉकयू या कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख शब्द फुटले. त्यांत सर्वांत अधिक वेळा आढळला तो १२३४५६!

मग शब्द अवघड करण्याचे नियम आले. अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ साली लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून आकडे, चिन्हे, लहानमोठी अक्षरे आणि वरचेवर बदल यांचा प्रघात जगभर पसरला. लोक कंटाळले आणि जुन्याच शब्दापुढे एखादा आकडा जोडू लागले. २०१७ साली त्या संस्थेने हे नियम मागे घेतले आणि स्वतः बर यांनीही खेद व्यक्त केला. आता लांबीला महत्त्व आहे. १९९५ साली आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी सुचविलेली रीत आम्हांस विशेष आवडते : पाच वेळा फासा टाकावा आणि ७,७७६ शब्दांच्या यादीतून पडेल तो शब्द घ्यावा, असे पाच-सहा शब्द जोडावेत. पाटा, कंदील, जांभूळ, टपाल, बुरूज अशी असंबद्ध माळ माणसाच्या ध्यानात राहते, पण यंत्रालाही तर्काने सापडत नाही. नातवाचे नाव, जन्मसाल वा आरतीची पहिली ओळ मात्र घेऊ नये. जे गावाला पाठ आहे, ते गुपित कसले? शिवाय प्रत्येक दाराला निराळा शब्द हवा. नाहीतर एक किल्ली हरवली की सारा वाडा उघडा.

हे झाले पहिल्या भयाचे. दुसऱ्याचे उत्तर मात्र कोणत्याही यंत्रापाशी नाही. ते घरातल्या माणसांनीच दिले पाहिजे. बँकेच्या खात्याला वारसनोंदीची रीतसर वाट आहे, तेथील शब्द कोणालाही सांगू नये. पण घराण्याची कागदपत्रे आणि छायाचित्रे जेथे ठेवली आहेत, तेथील शब्द कागदावर लिहून, मोहोरबंद लिफाफ्यात घालून, मृत्युपत्राशेजारी ठेवावा आणि लिफाफा कोठे आहे एवढे एका विश्वासू माणसास सांगावे. शब्द बदलला की कागदही बदलावा.

आपले पूर्वज घोड्यावरून या मुलखात आले, तेव्हा दप्तरे बासनात बांधून आणली. म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. आपल्या नातवंडांना मात्र बासनाची गाठ सोडता आली पाहिजे, एवढी तजवीज आपण हयातीतच करून ठेवावी.