गृहसजावट, मुंबई उपनगरांतील

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतील लहान सदनिकांची अंतर्गत मांडणी. ‘वन रूम किचन’ हा येथील मध्यमवर्गीय व कामगार घरांचा रूढ नमुना. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील घराचे चटईक्षेत्र आधी २२५, मग २६९ आणि पुढे ३०० चौ. फूट झाले. एवढ्या जागेत बैठक, शयन, अभ्यास व पूजा सामावायची, त्यामुळे येथे शोभेपेक्षा सोय आधी येते.

बाहेरची खोली दिवसा बैठकीची, रात्री झोपण्याची. दिवाणाच्या पोटात गाद्या, गोधड्या आणि पाहुण्यांच्या चादरी राहतात. घडीचे टेबल भिंतीला टेकते. देव्हारा बहुधा स्वयंपाकघरात, भिंतीवर. ओट्यावर स्टीलची मांडणी, माळ्यावर गणपतीचे मखर, सुटकेसा व वर्षातून एकदाच लागणारी पातेली. मखर खाली उतरले की सारी खोली दहा दिवसांसाठी नव्याने लावावी लागते. उपनगरी घराच्या सजावटीचा खरा कस तेव्हाच लागतो.

लोखंडी कपाट हा या घरांचा आधार. गोदरेजने ते १९२३ पासून बनवले. कंपनीची वसाहत विक्रोळीत आहे. जुन्या व नव्या लाकडी सामानासाठी जोगेश्वरीजवळचा ओशिवरा बाजार प्रसिद्ध आहे.

पावसाळ्यातील ओल ही मोठी अडचण. बाहेरच्या भिंतीला चिकटवलेले प्लायवुडचे कपाट फुगते, म्हणून मागे बोटभर फट ठेवावी. खिडकी अडवणारे फर्निचर कितीही देखणे असले तरी लहान घरात चुकीचेच.