डबीवर नाव नसलेला उजळपणा

बोईसर स्टेशनबाहेर पडले की पार्लरच्या पाट्यांवर एक शब्द हमखास दिसतो : ‘डी-टॅन’. तारापूर एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या मुली ओढणीने तोंड बांधून रिक्षात बसतात आणि पगार झाला की याच पाट्यांखाली शिरतात.

युरोप-अमेरिकेत नेमका उलटा धंदा आहे. तिथे गोरी माणसे पैसे मोजून अतिनील दिव्यांच्या पेटीत झोपतात, कातडी रापवून घेतात. रापलेला रंग तिथेही एकेकाळी शेतमजुराची खूण होती. मजूर कारखान्याच्या छपराखाली गेले, ऊन सुट्टीतली चैन झाली आणि खुणेचा अर्थ फिरला. प्रकाशोपचारासाठी नील्स फिन्सेन यांना 1903 साली नोबेल मिळाले होते. उपचारातला हा प्रकाश पुढे धंद्यात उतरला. 2009 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या पेट्यांना तंबाखूच्या पंक्तीत, कर्करोगकारक म्हणून बसवले. त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठी त्यांचा वापर बंद केला.

आपल्याकडे पेटीच्या जागी डबी आहे. ‘फेअर अँड लव्हली’ 1975 साली बाजारात आली. 2020 साली तिच्या नावातून ‘फेअर’ गेले, हौस राहिली. या हौसेचा फायदा बेनामी डब्या घेतात. पारा कातडीत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा लवकर उजळतो. पण तोच पारा रक्तात उतरून मूत्रपिंड बिघडवतो. 2023 साली अकोल्यातील एकाच कुटुंबातल्या तिघींच्या मूत्रपिंडविकाराची बातमी आली. मुंबईच्या केईएममधील तपासणीत त्यांच्या क्रीममध्ये पारा सापडला होता. केरळातही असे रुग्ण नोंदले गेले.

कायदा नाही असे नाही. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार, डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता, नकळत आलेला पाराही दशलक्ष भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व मुदत हवी.

इथेच मला आमच्या तालुक्याचा विरोधाभास खुपतो. तारापूरची अणुभट्टी 1969 पासून वीज देते. तिथल्या कामगाराच्या छातीवर बिल्ला असतो. अंगावर किती किरणे पडली याचा हिशेब त्यावरून ठेवतात. दोन पावलांवरच्या पार्लरमध्ये चेहऱ्याला काय लागले, याचा हिशेब कोण ठेवतो?

गेल्या वर्षी माझ्या भाचीने अशीच एक पांढरी डबी आणली. वर फक्त गुलाबाचे चित्र. मी ओरडलो नाही; एवढेच म्हणालो, “बाळा, करणाऱ्याने नाव का लपवलं असेल?” तिने डबी उलटसुलट करून पाहिली आणि बाजूला ठेवली. “पण मामा,” ती म्हणाली, “बघायला येणारे आधी रंगच विचारतात.”

पाऱ्याला नियम आहे. तिच्या या वाक्याला मात्र माझ्या कोणत्याही कात्रणात उत्तर नव्हते.