हस्तिदंताची कडी

१९५८ सालीं पुण्यांत जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनीं कलकत्त्यास बिलियर्ड्सचें हौशी खेळाडूंचें जागतिक विजेतेपद मिळविलें, तेव्हां आपल्याकडे पुष्कळांचें लक्ष या खेळाकडे वळलें. खेळाडूच्या हातांतील काठीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. आज मला त्या काठीचीच, आणि ती ज्या वस्तूंनीं घडते त्या वस्तूंची, हकीकत सांगावयाची आहे.

विलायती पद्धतीची काठी म्हणजे क्यू. तिचा निमुळता भाग ॲश झाडाच्या लाकडाचा व मूठ बहुधा काळ्याभोर अबनुसाची असते. टोकास कातड्याची टिकली, आणि टिकलीखालीं पितळेची बारीक कडी. अमेरिकेंत पूल नांवाचा खेळ रूढ झाला; तेथील उंची काठ्यांवर हीच कडी हस्तिदंताची बसवीत. यांत केवळ शोभा नव्हती. प्रत्येक टोल्याचा धक्का टिकलीमागोमाग या कडीस बसतो. ती ठिसूळ असली तर तडकते, मऊ असली तर टोल्याचा जोर गिळून टाकते. हस्तिदंत या दोहोंच्या मध्यें बसतो, आणि कातारी तो चरकावर लोण्यासारखा कांततो.

पण हस्तिदंताचा मोठा खप कडीसाठीं नव्हे, चेंडूंसाठीं होता. सुळ्याच्या मध्यांतून एक सूक्ष्म शीर जाते. ती चेंडूच्या बरोबर मध्यांतून गेली तरच चेंडू सरळ धांवतो. त्यामुळें एका सुळ्यांतून चांगले चेंडू थोडेच निघत. १८६३ सालीं न्यूयॉर्कच्या फेलन आणि कोलेंडर या पेढीनें हस्तिदंताऐवजीं दुसरा पदार्थ शोधून देणारास दहा हजार डॉलरांचें बक्षीस जाहीर केलें. हत्तींविषयीं कळवळा हें त्याचें कारण नव्हतें. माल महाग होत चालला होता, इतकेंच! त्या नादांत जॉन वेस्ली हायट यानें सेल्युलॉइड तयार केलें. या नव्या चेंडूंवर ज्वालाग्राही लेप असे, आणि ते एकमेकांवर जोरानें आदळले कीं कधीं कधीं बार उडाल्यासारखा आवाज होई. कोलोरॅडोतील एका मद्यगृहाच्या मालकानें आपल्याला कळविलें, असें हायट पुढें सांगत असे, कीं मला त्याची हरकत नाहीं, पण आवाज होतांच खोलींतला प्रत्येक इसम पिस्तूल उपसतो! असो.

चेंडूंनीं हस्तिदंत सोडला तरी काठीनें तो लवकर सोडला नाहीं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यांत १९८६ सालीं दुरुस्ती होऊन देशी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, व १९९१ सालीं आफ्रिकेंतून आलेल्या हस्तिदंताचाहि. मध्यंतरीं, १९८९ सालीं, आफ्रिकेच्या हत्तींना आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळालें. अमेरिकेनें २०१६ सालीं बहुतेक सर्व दारें लावून घेतलीं. मुठीस शोभणारा आपला शिसवहि, भाईबंदांसह, २०१७ सालीं आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखालीं आला.

येथें एक गमतीची गोष्ट घडली. वेस्टिंगहाउस कंपनीनें राळ आणि कागद किंवा कापड दाबून मायकार्टा नांवाचा पदार्थ काढला होता. त्याचा हस्तिदंती रंगाचा जुना प्रकार कडीस उत्तम ठरला. पुढें तोच निघेनासा झाला. आतां काठ्या घडविणारे कारागीर या नकली हस्तिदंताचे पिवळे पडलेले जुने तुकडे असे धुंडाळतात, कीं जणूं तोच खरा! जी वस्तु अस्सलाची उणीव भरून काढण्यास आली, तिचीच उणीव भासूं लागली.

एखाद्या घरीं आजोबांच्या वेळची पूलची काठी असते, तिची कडी तडकते, आणि नातवास ती पूर्वीसारखीच हस्तिदंताची हवी असते. त्याचा आग्रह मला समजतो. त्या वस्तूंत एका माणसाचा हात उरलेला असतो. तरीहि कारागिरानें नाहीं म्हणावें हेंच योग्य, आणि कायद्यानें त्याला दुसरा मार्गहि ठेविलेला नाहीं. माझ्या मतें अशा काठीस सरळ पितळेची कडी बसवावी. पितळ जड असल्यामुळें तोल किंचित् पुढें सरकतो. चार दिवस हाताला चुकल्यासारखें वाटतें, मग संवय होते.