मृग, मार्च आणि ग्रामसभेची तारीख

आजचा विषय दिनदर्शिकेचा आहे असं कळल्यावर काहींना वाटलं असेल, की आता पंचांग निघणार. निघेल, पण थोडंच. आपला प्रश्न असा आहे, की गावाने एकत्र बसायची तारीख कोणाच्या सोयीने ठरते, आणि त्या तारखेला गावात कोण नसतं?

आधी एक कबुली देतो. आम्ही तीसएक वर्षं महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलं. राज्य, नागरिक, हक्क हे शब्द तोंडात बसलेले. निवृत्तीनंतर गावी राहायला गेलो आणि पहिल्या वर्षीच्या चारही ग्रामसभा चुकवल्या. एकदा लग्न होतं, एकदा डोळ्याचं ऑपरेशन, आणि दोनदा तर नुसतं कळलंच नाही. नोटीस फलकावर लागलेली होती. फलक वाचायची सवय आम्हाला नव्हती. घरातल्या कॅलेंडरवर मात्र दूध, गॅस, एकादशी, सगळं नीट लिहिलेलं!

तेव्हा आम्हाला अथेन्स आठवलं. वर्गात आम्ही तिथल्या लोकसभेचं कौतुक करायचो ते भाषणांसाठी. खरं कौतुक वेळापत्रकाचं करायला हवं होतं. त्यांनी राजकीय वर्षाचे दहा भाग केले होते. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथात प्रत्येक भागात चार सभा सांगितल्या आहेत, म्हणजे वर्षाला चाळीस. त्यातल्या मुख्य सभेत अधिकारी नीट काम करतात का, यावर मत घ्यायचे. पुढे हजेरीचा भत्ताही सुरू झाला, कारण मजुरी बुडवून गरीब माणूस येणार कसा? स्त्रिया आणि गुलाम बाहेरच होते, हे विसरायचं नाही. पण हक्क नुसता देऊन भागत नाही, त्याला दिवस आणि वेळही द्यावी लागते, एवढं त्यांना कळलेलं होतं.

आता आपल्याकडे या. मराठेशाहीतल्या कागदांत शुहूर सन भेटतो. त्याचे आकडे अरबी शब्दांत, पण वर्ष सुरू व्हायचं ते सूर्य मृग नक्षत्रात शिरला की, म्हणजे जूनच्या सुरुवातीला. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. चांद्र वर्ष ऋतूंच्या मागेपुढे सरकतं. वसुली पिकावर अवलंबून. तेव्हा हिशेबाचं वर्ष पेरणीला बांधलेलं बरं. त्या कारभारात न्याय होता असं आमचं म्हणणं नाही. वर्ष मात्र शेताला ओळखत होतं.

इंग्रजी अमलात ही गाठ सुटली. सरकारचं आर्थिक वर्ष आधी १ मेपासून होतं. १८६७ मध्ये ते १ एप्रिलवर आलं, इंग्लंडच्या हिशेबाशी मेळ बसावा म्हणून. स्वातंत्र्यानंतरही तेच राहिलं. आज गावचा रस्ता, नळ, शाळेची भिंत, सगळं या मार्चअखेरच्या वर्षात बसवावं लागतं.

ग्रामपंचायतीचा आपला कायदा १९५८ चा. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. कायदा वर्षाला किमान चार सभा मागतो. त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास धरल्या जातात. सोय उघड आहे. तारीख लक्षात राहते, झेंड्याला लोक जमलेलेच असतात.

पण बीडसारख्या जिल्ह्यातलं एखादं गाव डोळ्यांसमोर आणा. उचल घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचं गाळप संपलं की, मार्च-एप्रिलच्या सुमाराला परततात. गावाचा पुढच्या वर्षीचा विकास आराखडा कधी होतो? २०१८ ची देशव्यापी मोहीम २ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर अशी होती. म्हणजे आराखडा होताना ही माणसं फडात. जानेवारीच्या सभेतही ती नाहीत. मे महिन्यात ती घरी असतात, तेव्हा गेल्या वर्षीचा हिशेब वाचला जातो. झालेल्या खर्चाचा हिशेब ऐकायला हजर, खर्च ठरवताना गैरहजर! कोणी त्यांना मुद्दाम वगळलं असं नाही. कॅलेंडरनेच ते केलं.

बायकांचंही पाहा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असं कायदा सांगतो. ती भर दुपारी कामाच्या वेळी ठेवली, तर मजुरीला गेलेली बाई येईल कशी?

मग करायचं काय? कॅलेंडर आपणही वाचायला शिकायचं. ऊसतोडीला जाणाऱ्यांची खरी सभा २ ऑक्टोबरची. दसरा बहुधा तिच्या पुढेमागेच असतो, बरेच जण अजून गावात असतात. तिची तयारी मात्र पोळ्यापासून हवी. मागणी लेखी द्यायची, पोच घ्यायची, ठरावात आली का ते इतिवृत्तात पाहायचं. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, तर नवी तारीख त्याच दिवशी लिहून घ्यायची, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही आणि मोजक्या माणसांत ठराव होऊन जातात. आणि सभेची वेळ संध्याकाळची असावी, हा ठरावही सभेतच मांडता येतो.

'कालनिर्णय' १९७३ साली आलं आणि मराठी घराच्या भिंतीवरची ती वहीच झाली. आमच्या भिंतीवर आता चार चौकोनांना लाल शाई आहे, आणि प्रत्येकाच्या आठ दिवस आधी लिहिलंय, 'फलक पाहणे'. गेल्या ऑक्टोबरात आम्ही गेलो. बसायला सतरंजी होती, माणसं कमी होती. शेजारच्या वस्तीवरच्या एका बाईंनी विचारलं, "आम्ही कोयत्यावर गेल्यावर पोरांच्या वसतिगृहाचं काय ठरतं, ते आम्हाला कोण सांगणार?" उत्तर कोणाकडे नव्हतं. पण प्रश्न इतिवृत्तात लिहिला गेला. तो तारखेनिशी तिथे आहे, आणि पुढच्या सभेत तिथूनच सुरुवात करायची आहे.