निर्वासन : मराठी अनुभव

निर्वासनाचे लक्षण परतीवरची सत्तेची बंदी हे होय. नुसते अंतर त्याला पुरेसे नाही. रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे, पण तिथला मराठी समाज स्थलांतरित म्हणावा, निर्वासित नव्हे. याउलट नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले 1818 मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटले ते 1840 मध्ये जोधपुरातच वारले. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले, तेव्हा निर्वासन सर्जनाला पोषक ठरते, असा आक्षेप येईल. परंतु त्या शिक्षेला मुदत होती. 1914 मध्ये ते पुण्याला परतले. 1839 मध्ये इंग्रजांनी पदच्युत करून काशीला पाठवलेल्या साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांना अशी मुदतच नव्हती. त्यांचे वकील रंगो बापूजी 1853 पर्यंत लंडनमध्ये दाद मागत राहिले. छत्रपती मात्र 1847 मध्येच काशीत निवर्तले होते.