लाकूड मुरविण्याची विद्या

सुतारकामाचा इतिहास सांगताना आपले ज्ञातिबांधव वाकस, रंधा आणि पटाशी यांचेच गुणगान करतात. वास्तविक हत्यार लागण्यापूर्वीच निम्मे काम व्हावयाचे असते; ते काळाकडून करवून घ्यावे लागते.

ताज्या ओंडक्यातील पाणी दोन प्रकारचे असते. पेशींच्या पोकळीतील पाणी प्रथम निघून जाते. तेवढ्याने लाकडाचा आकार बदलत नाही. मग पेशींच्या भिंतींतील पाणी सुटू लागते. ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला की लाकूड आखडते. आणि ते वलयांच्या दिशेने जेवढे आखडते, त्याच्या जवळजवळ निम्मेच गाभ्याच्या दिशेने. चिरा पडतात त्या या विषमतेमुळे. शिवाय कापलेल्या टोकांतून ओल झपाट्याने निघते. म्हणूनच टोकांना डांबर वा राळ माखावी, ओंडके सावलीत व जमिनीपासून उंच ठेवावेत, फळ्या पाडल्यावर मध्ये पट्ट्या घालून रचाव्यात, ही रीत पडली.

सागाच्या बाबतीत मलबार व ब्रह्मदेशात याहून धोरणी युक्ती होती. उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल व बाहेरचे पांढरे लाकूड छेदून खाच घेत. झाड जागीच मरे आणि दोन-तीन वर्षे उभ्यानेच वाळे. ओला साग पाण्यात बुडतो. असा वाळलेला साग तरंगतो. त्यामुळे ओंडके नदीच्या प्रवाहाने खाली आणता येत. एकाच युक्तीने मुरवण आणि वाहतूक, दोन्ही साधत!

याच सागावर मुंबईच्या गोदीचा लौकिक उभा राहिला. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून येथे आले. त्यांच्याच घराण्यातील जमशेटजी बमनजी यांनी बांधलेली 'मिंडेन' १८१० मध्ये पाण्यात उतरली. त्याच वर्षी इंग्लंडात उतरलेल्या 'क्वीन शार्लट' या प्रचंड युद्धनौकेची लाकडे मात्र अल्पावधीतच कुजली व तिची फार मोठी दुरुस्ती करावी लागली. 'मिंडेन' १८६१ मध्ये मोडीत निघाली. १८१७ ची 'त्रिंकोमाली' तर इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही पाहावयास मिळते.

या कीर्तीची किंमत अरण्याने दिली. १८०६ मध्ये कंपनीने कॅप्टन वॉटसन यांना मलबारात वनरक्षक नेमले व सागावर मक्तेदारी लादली. रयत व व्यापारी इतके गांजले की १८२३ मध्ये ते पद रद्द झाले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसास हात लावू नये, अशी ताकीद शतकापूर्वीच दिलेली होती, हे येथे आठवल्यावाचून राहात नाही.

वाडियांची नावे इतिहासात आहेत, आणि ती असावीतच. परंतु रानात खाच घेणारे, ओंडका वाजवून त्याची ओल ओळखणारे हात त्या वर्णनांत क्वचितच दिसतात. त्यांच्यावर आम्ही ज्ञातीचा हक्क सांगत नाही; मात्र लाकडाला हात लावणाऱ्यास ते परके वाटू नयेत.

आता भट्टीत वाफ व उष्ण हवा सोडून वर्षांचे काम काही दिवसां-आठवड्यांत उरकते. भट्टी उत्तम, पण तिचा खर्च वाचवून अर्धओले लाकूड विकणारेही आहेतच. अशा लाकडाचे दार चैत्रात आखडते, सांध्यांत बोट जाईल एवढी फट पडते, आणि गिऱ्हाईक मजुरी कापते ती सुताराची. प्रस्तुत लेखकाच्या वडिलांचीही एकदा अशीच कापली गेली होती. लाकूड गिऱ्हाइकानेच आणून दिलेले होते.